कादंबरीतून जात वगळली तर उरते काय?

कादंबरीकाराला वाचक हमखास विचारतो, या कादंबरीतून तुम्हाला काय सांगावयाचे आहे? साहित्य संमेलनाच्या मांडवात हा प्रश्न आला तर लेखक सुखावतो. दहा मिनिटे बोलतो, टाळ्या घेतो, मानधनाचे पाकीट खिशात घालून गाडीत बसतो. तामीळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांना मात्र या प्रश्नाचे उत्तर १२ जानेवारी २०१५ रोजी नामक्कलच्या जिल्हाधिकारी कचेरीत द्यावे लागले. एका बाजूला महसूल अधिकारी आणि पोलीस, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पुस्तकाची होळी करणारे लोक. ‘मनापासून खेद वाटतो’ असे लिहून द्यायला ते तयार होते. तेवढ्यावर भागले नाही. ‘बिनशर्त माफी’ हेच शब्द हवे होते. त्यांनी ते लिहून दिले, सही केली आणि घरी जाऊन फेसबुकवर जाहीर केले की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला, यापुढे पे. मुरुगन नावाचा एक साधा शिक्षक तेवढा जगेल. प्रकाशकांना सांगितले, माझी पुस्तके विकू नका. पडून राहिलेल्या प्रतींची भरपाई मी देतो.

हे सारे तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर छापून आले. अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या नावाने मोर्चे निघाले, अग्रलेख झाले. ते व्हायलाच हवे होते. पण आम्हाला येथे दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहावयाचे आहे. या माणसाने त्यानंतर आपल्या लेखनाच्या विषयाबद्दल आणि अर्थाबद्दल जे सांगितले, त्याकडे आंबेडकरी वाचकाने फार बारकाईने पाहावयास हवे. कारण त्या सांगण्यात मध्यवर्ती शब्द आहे, जात.

मुरुगन यांचा जन्म १९६६ चा, तामीळनाडूच्या पश्चिमेकडील कोंगू पट्ट्यातला. जातीने गौंडर. आपल्याकडे गावगाड्यात ज्या जातीची पाटिलकी असते, तिचे जे वजन असते, तेच तिकडे गौंडरांचे. सरकारी यादीत मागास, गावात मात्र मालक. मुरुगन यांचे स्वतःचे घर काही बडे नव्हते. वडील तिरुचेंगोडूच्या सिनेमा थिएटरात सोड्याचे दुकान चालवीत. त्या सोडा विकणाऱ्या पोरांच्या आयुष्यावर त्यांनी पुढे ‘निळल मुट्रम’ ही कादंबरी लिहिली. पण घर साधे असले तरी जात साधी नव्हती, आणि हे त्यांना फार लवकर कळले असावे. २००० साली त्यांची ‘कूळमादारी’ आली. गौंडराच्या शेतावर सालाने बांधलेला, मेंढ्या राखणारा एक चक्किलियर पोरगा हा तिचा नायक. धन्याचा मुलगा त्याचा खेळगडी, पण खेळ संपला की एक मालक आणि दुसरा गडी. व्ही. गीता यांनी २००४ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला. पेरियार आणि जातिप्रश्नावर आयुष्यभर काम केलेल्या बाईंनी ती निवडावी यातच सर्व आले.

या कादंबरीच्या नावाकडे पाहा. ‘मादारी’ हे त्या समाजाचे जातिवाचक नाव आहे. २००९ साली तामीळनाडू सरकारने अनुसूचित जातींच्या आरक्षणातून तीन टक्के अरुंधतियार समूहाला वेगळे दिले, त्या कायद्याच्या यादीत ज्या सात जाती आहेत त्यांत चक्किलियन आहे आणि मादारीही आहे. म्हणजे २००० साली हा लेखक मुखपृष्ठावर जात छापत होता. कोणाला काही खटकले नाही. का खटकले नाही? आमचे उत्तर सरळ आहे. दलिताची जात लिहिली, त्याची दुर्दशा लिहिली, तर मालक जातीला त्यात अपमान वाटत नाही. तिला ते निसर्गाचे वर्णन वाटते.

खटकले ते दहा वर्षांनी आलेल्या ‘मादोरुबागन’मुळे, आणि तेही लगेच नव्हे. कादंबरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. चार वर्षे तामीळ वाचकांत कोणी ओरड केली नाही. मग इंग्रजी अनुवाद आला, निवडक पानांच्या झेरॉक्स प्रती गावात वाटल्या गेल्या, डिसेंबर २०१४ मध्ये पुस्तक जाळले गेले आणि जानेवारीत तिरुचेंगोडू बंद पाळण्यात आला. झेरॉक्स वाचून भडकलेल्या किती जणांनी कादंबरी वाचली होती हा प्रश्न आम्ही विचारत नाही. असले प्रश्न भांडारकर संस्थेवरील हल्ल्यापासून आम्ही विचारून थकलो आहोत.

कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी. काळ इंग्रजी अमदानीचा. काली आणि पोन्ना हे शेतकरी जोडपे. एकमेकांवर जीव आहे, पण लग्नाला बारा वर्षे होऊनही मूल नाही. भावकीचे टोमणे, वांझपणाचे बोल, जमिनीवर डोळा ठेवून बसलेले नातलग. पोन्नाला शेतात बियाणे पेरू दिले जात नाही, मंगल कार्यात मागे ठेवले जाते. तिरुचेंगोडूच्या अर्धनारीश्वराच्या रथोत्सवात एक रात्र अशी येते की त्या रात्री निपुत्रिक स्त्रीने अनोळखी पुरुषाशी संग केला तर तो पुरुष देव समजला जातो आणि होणारे मूल देवाचे. दोन्हीकडच्या आया ठरवतात की पोन्नाला पाठवावयाचे. काली तयार नसतो. मग त्याला बाजूला ठेवून, पोन्नाला त्याची संमती आहे असे भासवून तिला नेले जाते.

आपण ही कादंबरी का लिहिली हे मुरुगन यांनी सांगितलेले आहे. त्या भागात फिरताना, लोकपरंपरांची माहिती गोळा करताना त्यांना ‘सामी पिळ्ळै’, म्हणजे देवाने दिलेली मुले, म्हणून ओळखली जाणारी वयस्क माणसे भेटली. लोक त्यांना या नावाने हाक मारीत, पण असे का म्हणतात ते कोणी मोकळेपणी बोलत नसे. त्या न बोलण्यामागे काय आहे, हा शोध म्हणजे त्यांच्या कादंबरीचा उगम. म्हणजे लेखकाच्या दृष्टीने विषय होता अपत्यहीनतेचा, समाज त्या दोघांचा कसा कोंडमारा करतो त्याचा. गंमत अशी की शेवट त्यांनी मोकळा सोडला आणि पुढे दोन वेगवेगळ्या कादंबऱ्या लिहिल्या. एकीत काली फास घेऊन मरतो, दुसरीत तो वाचतो. अर्थाचा आपला हट्ट नसलेला लेखकच असे करू शकतो.

आंदोलकांनी म्हटले, आमच्या स्त्रियांची, आमच्या देवस्थानाची बदनामी केली. आता ज्या देशात महाभारत घरोघरी पूजले जाते आणि धृतराष्ट्र, पंडू, विदुर हे व्यासांपासून झाले हे पोरासोरांना माहीत आहे, तेथे नियोगाच्या उल्लेखाने अब्रू कशी जाते? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर नियोगाची परवानगी आणि नियोगाची निंदा दोन्ही लागोपाठ आहेत. बाबासाहेबांनी असल्या विसंगतींची चिरफाड केली आहे, ती वाचलेल्याला हा संताप खरा वाटणार नाही.

खरी गोम वेगळी आहे आणि ती कादंबरीतच लिहिलेली आहे. त्या रात्री अंधारात कोण कोणाच्या जातीचा हे कोणी विचारीत नाही. कालीच्या मनात जी घालमेल होते तिच्यात मत्सर आहे, पुरुषी अहंकार आहे, आणि तिसरी गोष्टही आहे. गावात त्या रात्री फिरणारी तरणी पोरे बहुतेक अस्पृश्य आहेत, त्यांतल्या एकाने हिला हात लावला तर मी हिला पुन्हा स्पर्श कसा करणार, असे तो म्हणतो. ज्याच्याबद्दल वाचकाच्या मनात माया निर्माण केली, त्याच नायकाच्या तोंडून लेखकाने हा विटाळ बोलून दाखविला. मालक जातीच्या रक्तात, तेही देवाच्या साक्षीने, महाराचे किंवा चांभाराचे रक्त मिसळले असू शकते, ही शक्यता या कादंबरीने मांडली. जळाले ते यामुळे. दिल्ली-मुंबईच्या उदारमतवादी मंडळींनी मुरुगन यांच्या बाजूने जे लिहिले त्यात हा मुद्दा आम्हाला फारसा दिसला नाही. त्यांना एक लेखक विरुद्ध झुंड एवढेच चित्र पुरेसे होते. जातीचे नाव काढल्यावर त्यांचेही अवघडल्यासारखे होते.

महाराष्ट्रातील आंबेडकरी जनतेला हा प्रकार नवा नाही. १९८७ साली राज्य सरकारने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केला आणि राम-कृष्णावरील प्रकरण वगळा म्हणून केवढा गदारोळ उठविण्यात आला. त्याला उत्तर म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर लाखोंच्या संख्येने आपला समाज उतरला. प्रकरण राहिले. त्याखाली सरकार या मतांशी सहमत नाही अशी तळटीप आली. मुरुगन यांच्या मागे असा समाज नव्हता. ज्या समाजातून ते आले तोच विरोधात उभा होता, आणि ज्यांच्याबद्दल त्यांनी लिहिले तो चक्किलियर समाज त्या कचेरीच्या पायऱ्या चढून येण्याच्या स्थितीत नव्हता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातला काही भाग गाळा म्हटल्यावर बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला, भाषण रद्द होऊ दिले आणि स्वखर्चाने छापले. हा आपला वारसा आहे. परंतु तो वारसा सांगून मुरुगन यांना भेकड म्हणणे आम्हाला मान्य नाही. भाषण रद्द करणाऱ्या मंडळाला पत्राने उत्तर देणे आणि घराबाहेर जमाव असताना बायकामुलांच्या जिवाचा विचार करून सही करणे या दोन प्रसंगांचे वजन एका तराजूत होत नाही. त्यांनी नंतर आपल्या कवितांच्या पुस्तकाला भेकडाची गाणी अशा अर्थाचे नाव दिले. स्वतःला भेकड म्हणवून घ्यायलाही छाती लागते.

न्यायालयात काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण आमचा धंदा तो आहे. तामीळनाडूच्या पुरोगामी लेखक-कलावंत संघटनेचे एस. तमिळसेल्वन मद्रास उच्च न्यायालयात गेले. पुस्तकावर बंदी घाला, लेखकावर खटला भरा अशाही याचिका होत्या. ५ जुलै २०१६ रोजी मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांनी निकाल दिला. कचेरीतल्या त्या तडजोडीला कायद्याने काहीही बंधन नाही, पुस्तक आवडत नसेल तर वाचू नका, आणि लेखकाने पुन्हा लिहावे, असा त्या निकालाचा आशय. हेच कौल दिल्ली उच्च न्यायालयात असताना २००८ मध्ये चित्रकार हुसेन यांच्या बाजूने निकाल देणारे न्यायमूर्ती. अशी निकालपत्रे वाचून वकिलाला बरे वाटते, हे आम्ही लपवीत नाही. पण निकालाने सही रद्द होते. सही करताना हात थरथरला ते रद्द होत नाही.

त्याचा पुरावा दीडच महिन्यात मिळाला. ऑगस्ट २०१६ मध्ये दिल्लीच्या कार्यक्रमात मुरुगन पुन्हा लेखक म्हणून लोकांसमोर आले आणि त्यांनी सांगितले की माझ्या आत आता एक तपासनीस बसला आहे. मनात उगवणारा प्रत्येक शब्द तो तपासतो, याचा असा अर्थ निघेल, तसा अर्थ निघेल म्हणून हटकतो. मांडवात दहा मिनिटे बोलणारे लेखक अर्थावर पुष्कळ बोलतात. आपल्या शब्दाचा अर्थ कोण कसा लावील या धास्तीने शब्दच कसा जन्मत नाही, हे इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा कादंबरीकार आमच्या वाचनात नाही.

त्याच वर्षी ‘पूनाच्ची’ आली. एका काळ्या बकरीची गोष्ट. तिच्या प्रस्तावनेत मुरुगन विषय कसा निवडला ते सांगतात. माणसांबद्दल लिहायची भीती वाटते, देवांबद्दल लिहायची त्याहून अधिक. असुरांबद्दल लिहिता येईल. गाय आणि डुक्कर यांचे तर नावच काढावयास नको. मग उरल्या शेळ्या-मेंढ्या. त्यांतही मेंढी मुखदुर्बळ, बकरी चपळ, म्हणून बकरी. वाचताना हसू येते आणि मग ते घशात अडकते. भारतीय संविधानाच्या १९ व्या कलमाखाली राहणारा एक नामवंत कादंबरीकार विषयांची यादी करतो आहे आणि एकेक विषयावर फुली मारत बकरीपर्यंत येतो आहे.

बकरी निरुपद्रवी म्हणून निवडली खरी, पण कादंबरी काही निरुपद्रवी झाली नाही. त्या राज्यात जन्मलेल्या प्रत्येक करडाची सरकारदरबारी नोंद करावी लागते, कान टोचून घ्यावा लागतो, उन्हातान्हात रांगेत उभे राहावे लागते. रांगेत कोणी तक्रारीचा सूर काढायचा नाही. काळ्या बकऱ्या सरकारला संशयास्पद वाटतात, कारण त्या अंधारात दिसत नाहीत. आधार कार्डाच्या रांगेत बोटांचे ठसे न उमटलेली म्हातारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. काळ्या रंगाचा संशय म्हणजे काय तेही आपल्याला कोणी सांगावयास नको. तपासनीस आत बसवला तरी लेखकाने त्याच्या डोळ्यांदेखत बकरी पुढे काढली, असे आम्ही म्हणू.

तरीही आमचे एक दुखणे आहे आणि ते येथे स्पष्ट मांडले पाहिजे. या प्रकरणानंतर मुरुगन यांनी आपल्या कथा-कादंबऱ्यांत जातींची नावे घालण्याचे टाळण्यास सुरुवात केली, आणि ते त्यांनी मुलाखतींतून सांगितलेही. २००० साली मुखपृष्ठावर ‘मादारी’ छापणारा लेखक १५ वर्षांत येथवर आला. वाचक म्हणतील, त्यात काय बिघडले? प्रतिमा-प्रतीकांतून अर्थ निघतोच की. साहित्याच्या प्राध्यापकांना तर असले सूचक लेखन अधिक आवडते.

बिघडते काय ते कोर्टात येऊन पाहावे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद द्यायला गेलेल्या आपल्या माणसाला ठाणे अंमलदार पहिला प्रश्न विचारतो, जातीचे नाव घेऊन शिवी दिली काय? लोकांसमक्ष दिली काय? फिर्यादीत जातीचा उल्लेख राहून गेला, आरोपी कोणत्या जातीचा ते लिहिले नाही, दाखला उशिरा जोडला, की पुढे उलटतपासणीत बचावाचा वकील तेवढेच बोट धरतो आणि आरोपी सुटतो. २०२० च्या हितेश वर्मा खटल्यानंतर तर चार भिंतींच्या आत जातीवरून केलेला अपमान या कलमात बसत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातील चार माणसे ठार झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही यामागे जात आहे असे मानले नाही, सूड मानला. म्हणजे न्यायालयात जातीचे नाव राहून गेले म्हणून आम्ही हरतो आणि कादंबरीत जातीचे नाव आले म्हणून लेखकावर खटले होतात. दोन्हीकडे सोय एकाच पक्षाची होते. जात सगळ्यांना माहीत असावी, सगळ्यांनी पाळावी, पण कागदावर येऊ नये.

म्हणूनच आमच्याकडे नवे लिहिणारे तरुण सल्ल्याला येतात तेव्हा आम्ही त्यांना सांगतो, गावाचे नाव बदला, माणसाचे नाव बदला, हवे तर नदीचेही बदला. जातीचे बदलू नका. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ छापली म्हणून कोणी वाचत नाही आणि न छापल्याने कोणी बुडत नाही. भारतीय न्याय संहितेचे २९९ वे कलम, म्हणजे जुने २९५-अ, ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ धर्मभावना दुखावण्याबद्दल आहे. जातीची क्रूरता दाखविणे हा दुष्ट हेतू नाही. अर्थात हे सांगणे आम्हाला सोपे आहे. पोलिसांची नोटीस आमच्या घरी येत नाही, त्याच्या घरी येते.

येथे एक भेद मात्र केला पाहिजे, नाहीतर मुरुगन यांच्यावर अन्याय होईल. भीती निर्माण होण्यापूर्वीही त्यांनी एकदा जात लिहिली नव्हती. २०१३ ची ‘पूक्कुळी’ पाहा. सोड्याच्या दुकानात काम करणारा कुमरेसन शहरातल्या सरोजाशी पळून जाऊन लग्न करतो आणि तिला आपल्या गावी आणतो. त्या क्षणापासून गाव एकच गोष्ट विचारत राहते, हिची जात कोणती? सासू विचारते, शेजारणी विचारतात, तिच्या गोऱ्या कातडीकडे बघून अंदाज बांधतात. गाव त्या घराला वाळीत टाकते. शेवटी ती झुडपांत लपलेली असताना गावकरी त्या झुडपांना आग लावतात. आणि पुस्तक मिटवले तरी सरोजाची जात आपल्याला कळलेली नसते. वाचकाला चुटपुट लागते. मग लक्षात येते की आपणही पानोपानी तेच शोधत होतो जे ते गाव शोधत होते. येथे जातीचे नाव गाळणे ही लेखकाची निवड होती. ती कादंबरी त्यांनी इळवरसनला अर्पण केली आहे. धर्मपुरीचा हा दलित तरुण. वण्णियार मुलीशी त्याने लग्न केले म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये तीन दलित वस्त्या जाळण्यात आल्या आणि ४ जुलै २०१३ रोजी त्याचे प्रेत रेल्वे रुळांजवळ सापडले. कादंबरीत जात नाही, पण अर्पणपत्रिकेत ती उभी आहे. २०१३ चे ते गाळणे आणि २०१५ नंतरचे गाळणे कागदावर सारखेच दिसते. एकात लेखकाने वाचकाला कोंडीत पकडले आहे, दुसऱ्यात जमावाने लेखकाला. ‘पूक्कुळी’चा इंग्रजी अनुवाद २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकरच्या लांब यादीत गेला तेव्हा कौतुकाचे लेख पुष्कळ आले. अर्पणपत्रिकेतला इळवरसन कोण हे त्यांतल्या किती लेखांनी सांगितले असेल?

आणि तिरुचेंगोडूचे ते अर्धनारीश्वराचे मंदिर? कादंबरीने ज्याची बदनामी झाली असे म्हणतात, ते? लेखकाने माफी लिहून दिल्यानंतर पाच महिन्यांनी, २३ जून २०१५ रोजी, गोकुळराज नावाचा दलित इंजिनिअर तरुण गौंडर समाजातील आपल्या मैत्रिणीबरोबर त्या मंदिरात बोलत होता. तेथून त्याला उचलून नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर त्याचे धड आणि मान वेगवेगळी मिळाली. मुख्य आरोपी गौंडर जातीच्या एका संघटनेचा म्होरक्या. ती मैत्रीण न्यायालयात फितूर झाली. खटला टिकला तो मंदिरातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावर आणि त्या आईच्या चिवटपणावर. मार्च २०२२ मध्ये मदुराईच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले. उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती जानेवारी २०२३ मध्ये स्वतः मंदिरात जाऊन कॅमेरे कोठे होते, रस्ता कसा आहे ते पाहून आले, आणि जूनमध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप कायम झाली. कादंबरीत त्या देवळाच्या छायेत एका रात्रीपुरती जात विसरली जाते, म्हणून गाव बंद पाळले गेले. प्रत्यक्षात त्या देवळात जात आठवून एका पोराला मारण्यासाठी नेले, तेव्हा देवस्थानाची बदनामी झाली म्हणून बंद पाळल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्याकडे एक जुना वाद आहे. दलितांचे दुःख दलितेतराने लिहावे काय? स्वानुभवाची सर त्याला येईल काय? ‘कूळमादारी’बद्दलही हा प्रश्न विचारता येतो, आणि आमचे मत असे की तेथे मेंढ्या राखणाऱ्या पोराच्या मनापेक्षा त्याच्या मालकाच्या वाड्याचे चित्र अधिक खरे उतरले आहे. त्यात कमीपणा नाही. आमच्या बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ लिहून जात लपविणाऱ्याची घुसमट आतून सांगितली. ती मुरुगन सांगू शकणार नाहीत. पण जात मिरविणाऱ्याच्या घरात जेवणाच्या पंगतीला काय बोलतात ते बागूल सांगू शकले नसते. मालक जातीतल्या लेखकाने आपल्या घराचे दार आतून उघडावे, एवढीच आमची त्याच्याकडून अपेक्षा. मराठीत किती कादंबरीकारांनी ते उघडले? पाटलाच्या वाड्यावर लिहिलेल्या कादंबऱ्या ढिगाने आहेत. त्यांत बैल आहेत, मोट आहे, हुरडा आहे, भाऊबंदकी आहे. महारवाडा कोठे आहे तर पाणंदीच्या टोकाला एका वाक्यात.

मुरुगन यांच्या ज्या पुस्तकाचे मराठी भाषांतर व्हावे असे आम्हाला वाटते ते मात्र कादंबरी नाही. २०१३ साली, म्हणजे वादळापूर्वी, त्यांनी ‘सादियुम नानुम’, म्हणजे ‘जात आणि मी’, हे पुस्तक संपादित केले. लिहिणारे त्यांचे विद्यार्थी. खेड्यापाड्यातून नामक्कलच्या सरकारी कला महाविद्यालयात आलेली, बहुतेक पहिल्या पिढीची शिकणारी मुले. त्यांना त्यांनी सांगितले, तुमच्या आयुष्यात जात कशी आली ते लिहा. दलित मुलांनी लिहिले, गौंडर मुलांनीही लिहिले. अंबई यांनी २०१८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्याच्या नावात नारळाच्या करवंटीतली काळी कॉफी आली. करवंटी का, हे आपल्या चहाच्या टपरीवर फुटका कान असलेला वेगळा कप पाहिलेल्यांना विचारावे. त्या मुलांनी कोठेही बकरी वापरलेली नाही. कोणाच्या दारात कोणी करवंटी पुढे केली, ते जातीच्या नावासह लिहिले आहे.